माझ्याच पेशी मला परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
माल तपासणी कार्यालय,
सिमलटारी नाका.

दिनांक : १२ माघ, विक्रम संवत २०८१

विषय : अडवून ठेवलेले औषध आजच सोडण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची आजवरची तोंडी उत्तरे.

महोदय,

मी पहलमान नेम्बाङ, डोंगरातल्या सरकारी शाळेत गणित शिकवतो. मला लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे. केमोथेरपी दोनदा झाली, दोन्ही वेळा गाठी परतल्या. म्हणून डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून सीमेपलीकडच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथे त्यांना कर्करोग ओळखून मारण्याजोगे बनवले. आता त्या माझ्याच शिरेतून परत आत जायच्या आहेत. दुसऱ्या कोणाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. गोठवून परत येताना त्या आपल्या नाक्यावर अडल्या.

१. प्रथम आपले कारकून श्री. घिमिरे यांनी मालाची नोंद 'गोठवलेले मांस' अशी करून पशुवैद्यांचा दाखला मागितला. पशुवैद्यांनी मला तपासण्यास नकार दिला. तो नकार लेखी आणून दिला.

२. मग दात्याचे संमतीपत्र मागितले. 'दात्याचे रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'स्वतः' लिहिले. असे नाते नियमात नाही म्हणून कागद परत आला. श्री. घिमिरे यांच्याच सांगण्यावरून 'इतर' लिहिले, तेव्हा परक्याचा अवयव विकत घेतल्याचा संशय येऊन पोलिसांचा दाखला मागण्यात आला.

३. काल त्याऐवजी दात्याने समक्ष हजर राहावे असा आदेश झाला. डॉक्टर प्रवासाला नाही म्हणत होते. तरी पत्नी सुकमाया हिने मला जीपमध्ये आडवे करून आज इथे आणले. वाटेत दोनदा ओकलो. श्री. घिमिरे यांनी माझा नागरिकत्वाचा दाखला पाहिला आणि म्हणाले, "दाता आला, बरं झालं मास्तर. आता पेशंटलाही घेऊन या, म्हणजे दोघांच्या सह्या समोरासमोर होतील."

सुकमाया सरकारी माणसांपुढे सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "साहेब, पेशंट हाच. दुसरा नवरा मी कुठून आणू?"

यावर तिला आवाज खाली ठेवण्याची समज देऊन ते जेवायला गेले.

महोदय, ते माणूस म्हणून वाईट नाहीत. मला कोमट पाणी त्यांनीच दिले. पण पेशी ज्यात गोठवून ठेवल्या आहेत त्या नळकांड्यातला द्रवरूप नायट्रोजन उद्या सकाळपर्यंतच पुरेल. त्यानंतर पेशी मरतील, आणि नव्या काढण्याइतकी ताकद माझ्या अंगात उरलेली नाही, असे डॉक्टर म्हणतात. आयुष्यभर मुलांना आकडेमोड शिकवली. मी एक आहे, दोन नाही, एवढे मात्र आपल्या कार्यालयात सिद्ध करता आले नाही.

तरी विनंती की, आपण स्वतः बाहेर येऊन एकदा खात्री करावी. ते जमत नसेल, तर माझा जो भाग आपण ताब्यात घेतला आहे त्याच्यासोबत उरलेला मीही जप्त करावा, आणि दोन्ही माल एकाच गाडीने रुग्णालयात रवाना करावा. पावतीवर सही करीन. हवी तर दोनदा करीन.

आपला, अजून तरी नम्र,
पहलमान नेम्बाङ

सोबत :
१. डॉक्टरांचे पत्र
२. पशुवैद्यांचा नकार
३. नागरिकत्वाचा दाखला, छायाप्रत
४. अर्जदार, मूळ प्रत