मिनिटाला दोन लिटर

प्रिय असरोर,

तू ताश्कंदहून बसच्या ड्रायव्हरकडे दिलेली पेटी मंगळवारी पोचली. त्यातून निघालं ते असं : हिरव्या चहाची पाकिटं दोन, गुडघ्याचं मलम एक, लोकरी मोज्यांचा जोड एक, आणि नळाच्या तोंडाला लावायच्या जाळ्या चार. ड्रायव्हरने माझ्याकडून तीस हजार सोम घेतले. तूही त्याला दिले असतील तर त्याने दोनदा घेतले, जाब विचार. जाळ्यांच्या डबीवरची किंमत तू नखाने खरवडली आहेस, पण मी कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवून आले, एकेक पंचेचाळीस हजारांची आहे. चहा चांगला आहे. मलम लावते आहे. जाळ्या मात्र डबीतच आहेत आणि डबीतच राहणार. त्या का लावल्या नाहीत ते फोनवर सांगायला गेले तर तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून सुटतोस. म्हणून लिहायला बसले. कागदाला मीटिंग नसते.

आमच्या इमारतीच्या दाराशी ती हिरवी पाटी अजून झळकते आहे. पाणी वाचवणारी इमारत, प्रमाणित. आपल्या कर्शीत उन्हाळ्यात नळाला दोन-दोन दिवस पाणी नसतं, तेव्हा पाणी वाचवण्याचा नियम वाईट आहे असं मी कशी म्हणेन? वाहत्या नदीच्या काठी बसून नमाजाआधी वजूचे हातपाय धुतानासुद्धा गरजेपेक्षा ओंजळभर जास्त घेऊ नये, हे माझ्या आईने मला पाच वर्षांची असताना शिकवलं. तुलाही मी तेच शिकवलं. जुन्या घरी तू हात धुताना नळ वाहता ठेवून अंगणातल्या मांजरामागे पळालास, तेव्हा मी तुला पाठीत धपाटा घातला होता. आठवत असेल. तेव्हा आम्हाला पाणी वाचवायला कुणी पाटी लावून शिकवायची गरज नव्हती.

पण इथे काय चालतं ते ऐक. नळांना बसवलेल्या बारीक जाळ्यांतून मिनिटाला दोन लिटरही पाणी येत नाही. मी बादली आणि घड्याळ लावून तीनदा मोजलं. एवढ्याशा धारेने गॅसचा गिझर पेटतच नाही, त्याला जरा जोराची धार लागते. मग करायचं काय? न्हाणीतला नळ चालू ठेवायचा आणि स्वयंपाकघरातलाही पूर्ण सोडायचा. दोन्ही मिळून धार जमली की गिझर भप्पकन पेटतो. न्हाणीत माणूस अंघोळ करतो आणि तेवढाच वेळ स्वयंपाकघरातलं चांगलं गरम पाणी गटारात जातं. खालपासून नवव्या मजल्यापर्यंत सगळ्या बायकांनी ही युक्ती एकमेकींना शिकवली आहे. नव्या सुनेला चुलीआधी हे दाखवतात. मी रोज पहाटे फज्रच्या नमाजानंतर मीटर बघून वहीत लिहिते. जुन्या अंगणाच्या घरी, झाडांना पाणी घालूनही, महिन्याला चार हजार लिटर लागत. इथे एकटीला सात हजार. पाणी वाचवणाऱ्या इमारतीत! ते पाणी असं जाताना बघून दर वेळी तौबा करते. ही उधळपट्टी, हा इस्राफ माझ्या नावावर लिहिला जातो की त्या पाटीच्या, ते अल्लाहलाच ठाऊक.

आता सालोमतचं सांगते. ती माझ्या समोरच्या दारात राहते. तिचा नवरा हम्रो आका अर्धांगवायूने वर्षभर पडून आहे, तिला त्याला एकटीने न्हाऊ घालावं लागतं. त्या मेल्या गिझरसाठी ती स्वयंपाकघरातला नळ सोडायला गेली की इकडे तो स्टुलावर एकटा. गेल्या महिन्यात त्याच्या केसांत साबण असताना गिझर विझला आणि थंडगार पाणी अंगावर आलं. त्याला बोलता येत नाही, नुसता ओरडला. मी धावत गेले तर तो थरथरतोय आणि सालोमत त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून रडतेय. दुसऱ्या दिवशी तिने पक्कड घेतली आणि न्हाणीतली जाळी उपटून फेकली. तेव्हापासून एक नळ, एक बादली, पाच मिनिटांत अंघोळ. आणि माझी वही काय म्हणते ते बघ : तिच्याकडे महिन्याला नऊ हजार लिटर जात होते, जाळी काढल्यावर सहावर आले. दोन्ही महिने मी स्वतः तिचं मीटर वाचलं आहे.

आता इमारत कागदावरच्यापेक्षा दीडपट पाणी पिते हे वरपर्यंत पोचलं, म्हणून अठरा तारखेला तपासणीचं कमिशन येणार आहे. व्यवस्थापक कोमिल घाबरला आहे. त्याने दाराशी चिठ्ठी लावली की सतराव्या फ्लॅटने जाळी काढून इमारतीचं नुकसान केलं, प्रमाणपत्र गेलं तर दंड त्याच फ्लॅटने भरायचा. सतरावा फ्लॅट म्हणजे सालोमतचा. मी त्याला जिन्यातच गाठलं. म्हटलं, "लाज वाटते का रे? आजाऱ्याला न्हाऊ घालणाऱ्या बाईवर ढकलतोस?" तर हसत म्हणतो, "ओपा, तुमच्या घरी तर इंजिनिअर आहे. त्यालाच विचारा ना नळ कसे आहेत ते." बायका मागे उभ्या होत्या. एक म्हणाली, "मुयस्सर ओपाच बोलतील कमिशनपुढे, त्यांच्याकडे वही आहे." मी हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी कोमिलने मला ऑफिसात बोलावलं, चहा दिला, बदाम पुढे केले आणि ज्यावर इमारतीला प्रमाणपत्र मिळालं त्या चाचणीचा अहवाल उघडून ठेवला. त्यात लिहिलं आहे की बारा ऑक्टोबरला सकाळी नऊ ते एक, अठ्ठेचाळीस फ्लॅटांतले नळ गिझर पेटवून, प्रत्यक्ष मोजले. खाली तुझी सही. असरोर, बारा ऑक्टोबर ही तुझ्या वडिलांना जाऊन वर्ष झालं ती तारीख. त्या दिवशी तू पहाटे चारपासून कितोबला तुझ्या मामाच्या अंगणात पुलावाच्या कढईपाशी उभा होतास, दुपारी दोनपर्यंत पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होतास. मी स्वतः तुझ्या मागे टॉवेल घेऊन उभी होते. मग कर्शीत नळ कुणी मोजले? कोमिल हळूच म्हणाला, "फ्लॅट सवलतीत मिळालाय ओपा, कशाला बोलता?" सवलत कशाची, हे मी घेताना विचारलं नव्हतं. लेक कर्तबगार म्हणून ऊर भरून आला होता. तो गुन्हा माझा आहे, तो मी कबूल करीन. आणि गुपचूप मोठ्या भोकांच्या चार जाळ्या फक्त आईसाठी पाठवल्यास, म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे.

फ्लॅट गेला तर जाऊ दे, मी भावाकडे राहीन. पण सालोमतच्या माथी हे बसू देणार नाही. अठराला मी वही घेऊन कमिशनपुढे जाणार आणि बारा तारखेला तू कुठे होतास तेही सांगणार. विचारल्यावर मला खोटं बोलता येणार नाही. त्याआधी तू ये. स्वतःच्या हाताने बादली धर, गिझर पेटवून बघ, आणि सही चुकीची होती हे स्वतःच्या तोंडाने सांग. नोकरीवर बेतेल, मला कळतं. तुझ्यासाठी रोज दुआ करते आणि तरीही हेच मागते. तू बोललास तर मी तुझ्या शेजारी उभी असेन. सतरा तारखेच्या कोणत्या गाडीने येतोस, तेवढं उलट टपाली कळव.

तुझीच आई,
मुयस्सर