ओल्या रस्त्याची चाकं आणि माझा वालीवचा गाळा

मी, विनया दिनानाथ किणी, वय ४६, धंदा टायरचा, राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, तालुका वसई, जिल्हा ठाणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. परवा रविवारी मी पावसाळी मोटारसायकल शर्यतीत उतरणार आहे. हे ऐकून माझे थोरले दीर जितेंद्र किणी सगळ्यांसमोर म्हणाले, "विनया, आधी मृत्युपत्र कर, मग जा हुंदडायला."

भाऊजी, केलं.

१. वालीवचा गाळा माझा स्वकष्टार्जित आहे. तो विकून टाकावा असं भाऊजींचं मत आहे. ते त्यांच्याजवळ राहू द्यावं. गाळा, हवेचा कॉम्प्रेसर आणि टायरला खाचा पाडायची माझी पाती माझी मुलगी अश्लेषा हिला मिळावी. तिच्या लग्नाचं निमित्त करून कोणी गाळ्याला हात लावू नये. पाती तापवून तिनं पहिली खाच पाडली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. आता तिला माझा हात लागत नाही.

२. चाकांचे दोन जोडही अश्लेषाला. एक कोरड्या रस्त्याचा, एक ओल्याचा. ओल्याचं रबर मऊ, खाचा खोल. पाणी त्यांतून बाहेर पळतं आणि टायर रस्ता धरतो. पण रस्ता वाळला की तेच रबर तापून सोलपटतं. अश्लेषा, आभाळाकडे बघून ठरवू नकोस. अख्खा रस्ता अनवाणी चाल, आणि सगळ्यांत वाईट वळण सांगेल ती चाकं लाव.

३. हे कलम भाऊजींनी मोठ्यानं वाचावं.

१९९५ च्या शर्यतीत माझे यजमान दिनानाथ गाडी चालवणार होते. भाऊजींनी आदल्या दिवशी कोरड्या रस्त्याच्या चाकांची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं चिरडली. सकाळी पाऊस पडून गेला आणि लख्ख ऊन आलं. मी रस्ता चालून आले. झाडांखालच्या वळणावर पावलं बुडत होती. मी म्हटलं, "ओल्याची चाकं लावा."

"पूजा झालेली चाकं काढायची नसतात," भाऊजी म्हणाले. "आणि ऊन पडलंय, दिसत नाही?"

दिनानाथांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा थोरल्या भावाकडे. चाकं तीच राहिली. त्याच वळणावर गाडी घसरली. त्यांचा गुडघा तेव्हापासून वाकत नाही.

पुढे प्रत्येक लग्नाकार्यात भाऊजी सांगत आले, "टायरच्या खाचा बाईनं कापलेल्या. मग दुसरं काय होणार?" भाऊजी, मी खाचा कापलेले ओल्याचे टायर त्या दिवशी टेम्पोतच होते. ते खाली उतरवायलाच तुम्ही नाही म्हणालात.

४. आचोळ्याचा फ्लॅट आणि बँकेतली ठेव दिनानाथांना. त्यांनी मला शब्दानंही कधी दुखावलं नाही. फक्त भाऊजींच्या त्या 'बाईनं कापलेल्या'वर ते दर वेळी ताटाकडे बघत राहिले. गुडघ्याला तेल लावताना मी अजून वाट बघते. त्या दिवशी मी काय म्हटलं होतं, ते त्यांनी आपल्या तोंडानं भावाला सांगावं. माझ्या हयातीत सांगितलं तर बरं. ही अट नव्हे. फ्लॅट तसाही त्यांचाच.

५. भाऊजींना माझ्याकडून पिशवीभर लिंबं, सरबतासाठी. माझ्या गाळ्यात यापुढे चाकांची पूजा शर्यत झाल्यावर होईल.

६. रविवारी मी धडधाकट परत आले, तरी यातलं एक अक्षर बदलणार नाही.

विनया दिनानाथ किणी

साक्षीदार:

फर्डिनंड डाबरे, शेजारच्या गाळ्यातला लेथवाला. बाई शुद्धीत आहेत. माझ्यापेक्षा जास्तच.

हंसा मेहेर, शेजारीण, आचोळे. विनयाताईंनी माझ्यासमोर सही केली. सहीखाली रेघही ओढली.

स्थळ: वालीव, वसई पूर्व
दिनांक: २३ जुलै २००४

मी, दिनानाथ किणी, हे वाचलं. सही मागितलेली नाही, तरी लिहितो. दादा, ती त्या दिवशी ओल्याची चाकं लावा म्हणाली होती. मी ऐकलं होतं. उद्या तुझ्या घरी येऊन हेच तुला तोंडानं सांगतो. रविवारी तिची चाकं मी बसवणार. ती सांगेल ती.