आधी टेबल, मग काटा

मी, खाली सही करणारा, निवृत्त क्रीडाशिक्षक आणि शालेय कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेचा आजवरचा संयोजक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एका जागी बसून लिहिणे मला जमत नाही, म्हणून अक्षर खिडकीच्या कट्ट्यावर उभ्याने काढलेले आहे. ते वाकडे असले तरी खरे मानावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण दरवर्षी स्पर्धा तोंडावर असायची.

लिहिताना डोक्यावर धप् धप् आवाज होतो आहे. वर गच्चीत माझी नात भर उन्हात रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या मारते आहे. अंगातले पाणी घामावाटे काढायचे, दोन किलो उतरायचे आणि पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेत खालच्या वजनगटात शिरायचे, असा तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या मुलाचा बेत आहे. काल रात्री ती जेवली नाही. आज अर्ध्या केळ्यावर आहे. हा कागद तपासणाऱ्या वकीलबाई म्हणतील की हे मिळकतीच्या यादीत बसत नाही. न बसो. मला दुसरे काही सुचत नाही.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पत्नीने हयातभर उपभोगावे, तिच्यामागे ते मुलाचे. या कलमाला कोणतीही अट नाही. घराचा धाक दाखवून पोराला वळवणारा बाप मला व्हायचे नाही. जिन्याचा कठडा तेवढा त्याने दुरुस्त करावा. मी आयुष्यभर ‘करतो, करतो’ म्हणत आलो.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नीची. तिने ती खर्चावी, जपून ठेवू नये. ती आत्ताच मागून डोकावून गेली. “मृत्युपत्र लिहिताय की स्पर्धेचं परिपत्रक?” असे विचारून गेली. दोन्ही लिहितो आहे.

कलम ३. कुस्तीच्या चारही मॅट माझ्या मालकीच्या आहेत. निवृत्तीच्या पैशातून घेतल्या. त्यावरून घरात महिनाभर अबोला होता. स्पर्धा समितीकडे स्वतःची एकही मॅट नाही, आणि हे समितीला विसरायला फार आवडते. मॅट दरवर्षी विनामूल्य द्याव्यात, पण खालील अटी पाळल्या तरच. एक जरी मोडली, तर त्या गुंडाळून बालवाडीला द्याव्यात. तिथे निदान कोलांट्या तरी मारल्या जातील.

वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच घ्यावे. आदल्या संध्याकाळी घेतले की पोरे उपाशी राहून वजन उतरवतात आणि मग रात्रभर खाऊन-पिऊन ते भरून काढतात. कागदावर सगळे ठीक दिसते. मूल मात्र आतून पिळून निघते.

काट्याच्या आधी खाण्याचे टेबल असावे. दूध, अंडी, केळी, पाव. खाल्ल्याशिवाय कोणालाही काट्यावर पाय ठेवू देऊ नये. “सर, वजन करायला बोलावलंत की पाहुणचाराला?” असे परगावचे प्रशिक्षक मला विचारत आले आहेत. विचारू द्यावे. ज्याला खाऊन आपल्या गटात बसता येत नाही, त्याचा तो गट नाही.

जोड्यांची सोडत सगळ्यांसमोर काढावी. लढणाऱ्या दोघांपैकी कोणाच्याही शाळेचा पंच त्या लढतीला नको. पहिली लढत हरलेल्याला दुसरी मिळालीच पाहिजे. बसमध्ये हाडे खिळखिळी करून आलेले पोर अर्ध्या मिनिटात चीतपट होऊन त्याच बसने परत जाऊ नये. पालक दोरीच्या मागे. ओरडणारे पालक हॉलच्या बाहेर. आणि मुले अंग गरम करून उभी असताना पाहुण्यांनी माइक हातात घ्यायचा नाही. पाहुण्यांचे बोलणे संपेपर्यंत अंग गार पडते, आणि गार अंगाने खेळताना खांदे निखळतात.

आवाज थांबला. जिन्यापर्यंत जाऊन आलो. ती दोरीचा पीळ सोडवत होती. पुन्हा सुरू झाला. पुढे लिहितो.

कलम ४. समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे मेहुणे. त्यांना मी पाहुण्यांसाठीचा सोफा देतो. मी तपासण्यांसाठी दवाखान्यात असताना, यंदा आदल्या संध्याकाळी वजन घ्यायचा ठराव त्यांनीच पास करून घेतला, कारण त्यांना सकाळी लवकर उठवत नाही. सोफ्याची एक स्प्रिंग वर आलेली आहे. कोणत्या बाजूची, ते मी लिहीत नाही. त्यांच्या बहिणीने या कलमाला हरकत घेतली आहे. हरकतीची नोंद घेतली, कलम कायम.

कलम ५. मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईंनी करावी. त्या दवाखान्यात परिचारिका आहेत आणि हातात घेतलेले काम पुरे करणाऱ्या या घरातल्या त्या एकट्याच. कलम ३ यंदापासूनच लागू आहे. ऑपरेशनातून उठलो तर मी स्वतः समितीत जाऊन सांगेन, न उठलो तर त्यांनी सांगावे. काल त्या स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, “बाबा, तुम्हीच बोला. मी बोलले की भांडण होतं आणि पोरगी तेवढंही खात नाही.” मी बोललो. मुलगा म्हणाला, “दोनच किलो तर आहेत, बाबा. वरच्या गटात गेल्या वर्षीची विजेती आहे. खालचा गट मोकळा आहे.” अटी समितीला बांधून ठेवतील. बापाला आणि लेकीला कसे बांधणार?

कलम ६. टेबलाच्या खणातले रुपेरी पदक मुलाला. ते त्याचेच आहे. अंतिम लढत हरून घरी आल्यावर त्याने ते कोपऱ्यात भिरकावले होते, मी उचलून ठेवले. त्या वर्षी त्याला खालच्या गटात उतरायचे होते आणि मी उतरू दिले नाही. माझ्याच टेबलावर दोन केळी खाऊन तो आपल्या वजनात खेळला आणि एका गुणाने हरला. ते त्याला अजून सलते. आता लेकीच्या गळ्यात सोनेरी पदक घालून त्याला तो सल काढायचा आहे. बाळा, ती लढत मी अजून विसरलेलो नाही. शेवटच्या क्षणापर्यंत तुझ्या पायात जोर होता. मला तुझा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि हे मी तुला तेव्हाच सांगायला हवे होते, म्हणून आता लिहून ठेवतो.

कलम ७. वजनकाटा शाळेला. तो या घरात ठेवू नये. नात येता-जाता त्यावर चढते. काल मी त्याची बॅटरी काढून ठेवली, तर ती दुकानातून नवी घेऊन आली.

कलम ८. कोपऱ्यावरच्या शिंप्याला काही देता येत नाही. तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवायचे नसते, असे वकीलबाईंनी बजावले आहे. तो शाळकरी असताना चांगला पैलवान होता. मी तेव्हा नवा होतो, लढतींची वेळ धरायचो. तोही असाच रेनकोट घालून पळाला, तीन दिवस पाण्याला शिवला नाही आणि काट्यावरून उतरता उतरता कोसळला. मूत्रपिंडे तेव्हा दुखावली ती दुखावलीच, आणि आता पार थकली. आता एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन तो डायलिसिसच्या यंत्राला हात देतो. पुढच्याच वर्षी स्पर्धा माझ्याकडे आली आणि मी टेबल मांडले. मॅटची सगळी कव्हरे त्याने शिवली, शिलाई घेतली नाही.

आवाज थांबला आहे.

पुन्हा सुरू होत नाही.

पुरवणी. वरील मजकुरानंतर मी डॉक्टरांनी सक्त मनाई केलेल्या वेगाने जिना चढलो. नात वरच्या पायरीवर बसली होती. ओठ पांढरे. “आजोबा, गरगरतंय,” म्हणाली. रेनकोट काढला तेव्हा बाहीतून पाणी गळले. तिला धरून या खोलीत आणले. साक्षीच्या सहीसाठी आलेले घरचे डॉक्टर आणि शिंपी इथेच बसले होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, हळूहळू पाणी पाजले. पत्नीने भाताचे ताट आणून तिच्या मांडीवर ठेवले.

तिने ताट बाजूला सारले. “खाल्लं की वजन वर जाईल. इतकं केलं ते सगळं फुकट.”

शिंप्याने सदऱ्याची बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत सुयांच्या खुणा आहेत, शिरा दोरासारख्या वर आल्या आहेत. “हे बघ, बाळ,” तो म्हणाला. “माझं वजन त्या दिवशी अगदी बरोबर भरलं होतं.”

दारात माझा मुलगा उभा होता. कधी आला ते मला कळले नाही. नातीने त्याच्याकडे पाहिले. “बाबा, वरच्या गटात ती मला पाडेल.”

त्याने पायाशी पडलेला रेनकोट उचलला. मग म्हणाला, “पाडू दे. आधी जेव.” आणि तिथेच जमिनीवर बसून ओला रेनकोट पिळत राहिला.

ती जेवत असताना मी सही करतो आहे. आज दिवसभरात मी पहिल्यांदाच बसलो आहे.

(सही) आजोबा, संयोजक

स्थळ : राहत्या घराचा वरचा मजला, काट्याची खोली
दिनांक : ऑपरेशनचा आदला दिवस

साक्षीदार : मृत्युपत्र करणाऱ्याने पूर्ण शुद्धीवर, आमच्यासमक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली. मुलीने दुसऱ्यांदा भात मागून घेतला, तोही आमच्यासमक्ष.

(सही) घरचे डॉक्टर
(सही) कोपऱ्यावरचा शिंपी