उसाआडची रेडियम पट्टी

१३ जानेवारी, मंगळवार

आज कोल्हारच्या रस्त्यावर तपासणीच्या साहेबाशी भांडलो. मी कारखान्याला ऊस नेतो त्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर लाल रेडियम पट्टी हवी, हा नियम. चांगलाच आहे. पण ऊस भरला की मागं लोंबतो आणि पट्टी झाकून टाकतो. साहेब तपासतो रिकाम्या ट्रॉल्या.

"साहेब, एकदा भरलेली ट्रॉली मागून बघा की."

"किती शिकलास रे?"

"बीएस्सी दुसरं वर्ष. सोडलं."

"मग मला नियम शिकवू नको."

कॉलेज सोडलंय, डोळे नाही सोडले!

वैशाली रोज अंधार पडताना क्लासवरून स्कूटीनं याच रस्त्यानं येते, आमच्या ट्रॉल्यांमागून. तिनं मला नाही म्हटलंय, तो विषय वेगळा. वेगळा कसला... पण पट्टी तिला दिसलीच पाहिजे.

संध्याकाळी ऊस भरल्यावर पट्टी काढून फळीवर ठोकली, फळी उसाच्या टोकांना बांधली. नाक्यावर साहेब ओरडला, "जागा चुकली! नियमात फाळका लिहिलाय."

"मग तुमच्या नियमात ऊस भरून बघा," म्हणालो आणि ट्रॅक्टर दामटला.

पुढं आरशात स्कूटी दिसली. लांबूनच हळू झाली, नीट बाजूनं गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नको बघू. पट्टी बघितलीस ना?

उद्या साहेब फळी उतरवील. मी परवा परत बांधीन.