मध्यंतरानंतर आलेले बाबा

प्रिय बाबा,

काल बर्नोच्या सभागृहात तुम्ही मुद्दाम मध्यंतरानंतर आलात. तुमच्या लाडक्या ऑपेरांच्या धुना वाद्यवृंदाकडून ऐकल्यात, डोळे पुसलेत. मग सगळ्या वादकांसमोर मला म्हणालात, "काय ब्लांका, संपली का तुझी पाखरांची चिवचिव?"

ती नुसती चिवचिव नव्हती, बाबा. मध्यंतराआधी वाजली ती माझी रचना होती. तिच्यासाठी दोन वर्षं पहाटे ओढ्याकाठी बसून कस्तूर पक्षी ऐकलाय मी. शेवटचा सूर विरल्यावर टाळ्या वाजवायचंही लोकांना सुचेना.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी जेवायला येईन तेव्हा तोंडावरच सांगेन: शुक्रवारी पुन्हा हाच कार्यक्रम आहे. यायचं तर सुरुवातीपासून या, नाहीतर येऊच नका.

तुमच्याइतकीच हट्टी,
ब्लांका