हजारात चौदा

४ फेब्रुवारी

शाळेलगतच्या भिंतीचं काम माझ्याकडे! साडेसात मीटर उंच — मातीचे थर, प्रत्येक थरात आडवी जाळी. ती जाळीच मातीला धरून ठेवते. खाली बालवाडीचं अंगण.

साहेब म्हणाले, "सुरक्षांक दीड आला की नकाशा दे. उगाच डोकं लढवू नकोस."

दीड म्हणजे भिंतीची ताकद तिच्यावरच्या भाराच्या दीडपट. आजपासून त्यांचं नाव दीडसाहेब. फक्त इथे, वहीत.

७ फेब्रुवारी

दीड आला. वर थोडा जास्तच! पण कुठल्या मातीचा? मी मातीच्या ताकदीची सरासरी धरली होती. आज प्रयोगशाळेतून बारा नमुन्यांचे निकाल आले — चार चांगलेच कच्चे. माती एकाच खाणीतली, पण सख्ख्या भावंडांसारखी. चेहरा एक, स्वभाव बारा.

८ फेब्रुवारी

म्हणून कॉम्प्युटरला कामाला लावलं — दर वेळी माती बदल आणि हीच भिंत लाख वेळा उभी कर. चौदाशे पडल्या! म्हणजे हजारात चौदा. वरच्या थरांतली जाळी मातीतून सुटून येते.

आईला सांगितलं. शिवणावरची मान वर न करता म्हणते, "चौदाशे भिंती पाडल्यास?"

"कॉम्प्युटरात गं!"

"मग ठीक. मला वाटलं, आवरायला मलाच बोलावतेस."

११ फेब्रुवारी

साहेबांना आकडा दाखवला. "ज्योतिषीबाई, भिंत पडणार की नाही तेवढं सांगा!" सगळं ऑफिस खिदळलं. मीही. मग म्हटलं, "हजारात चौदा वेळा, साहेब."

ते हसायचे थांबले. चहा गार झाला असेल.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी माझे कागद घरी नेले. आता वादळ येणार!

१५ फेब्रुवारी

वरच्या चार थरांची जाळी मागे दोन मीटरने लांबवली. पुन्हा लाख भिंती — पडल्या फक्त सहा! आई म्हणाली, "सुधारलीस."

कंत्राटदार मात्र फोनवर तापला. "मॅडम, मागे एवढं खणायचं? भिंत बांधतोय की विहीर?" तडक साहेबांकडे तक्रार. आता माझं काही खरं नाही.

१६ फेब्रुवारी

साहेबांनी दोघांना समोर बसवलं. नकाशा उलगडला, बोट जाळीवरून फिरवलं आणि सही ठोकली! कंत्राटदाराला एवढंच — "बाई सांगते तेवढं खण."

मला बाहेर जाताना — "अक्षर सुधार. कोंबडीचे पाय परवडले."

१७ फेब्रुवारी

राहवलं नाही. विचारलं, "साहेब, इतक्या सहज कसे मानलात?"

ते म्हणाले, "तुझ्या वयाचा असताना माझी एक भिंत पडली. खाली माळी काम करत होता. गणित बरोबर होतं. दीड आला होता."