गिरणीतलं तूस

परळ, मुंबई
१२ नोव्हेंबर २००७

महिपतदादा,

नमस्कार. फार वर्षांनी लिहिते आहे. आम्ही बरे आहोत. वरंधला भातं झोडून झाली असतील. वहिनीला विचारल्याचं सांग.

तुझ्या कोंबड्या माना वर करून, चोची उघडून मेल्या हे ऐकून वाईट वाटलं. गावकीत तू म्हणालास, "आवडीनंच विष घातलंन." आवडी, आपल्या चुलतभावाची, चांगूची ही विधवा, तुझ्याच कोंबड्यांच्या शेडवर राबणारी. तिला वाळीत टाकलंत. आता तिच्या घरचं पाणी कोणी पीत नाही, तिचं दळण कोणी घेत नाही.

तिने मेलेल्या कोंबड्या बर्फात बांधून एस.टी.ने माझ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. वाटेत बर्फ वितळला. फुफ्फुसं इतकी कुजली होती की त्यातून काही वाढवून बघणं शक्य नव्हतं. मग त्यातली जनुकं वेगळी काढली, यंत्रात त्यांच्या लाखो प्रती केल्या, तेव्हा ओळख पटली. बुरशी. विषाचीही तपासणी केली, ते सापडलं नाही. अशी बुरशी कुठेही असते, म्हणून शेडमध्ये कोंबड्यांखाली पसरलेलं तूसही मागवलं. दोन्हीकडच्या खुणा तंतोतंत जुळल्या.

तूस तुझ्याच भातगिरणीचं. पावसात भिजलेलं, ताडपत्रीखाली दडपलेलं. "भाऊजी, वास येतोय याला," ती म्हणाली होती. तू म्हणालास, "मग अत्तर शिंपडून देऊ काय गो?" सगळे हसले म्हणे.

मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हाही गावकीत पहिला तूच उठलास. बाबा गेले तेव्हा मला उंबऱ्याबाहेर थांबवलंस. त्या दिवशी मागच्या पडवीतून, पदराआड लपवून, मला तांब्याभर पाणी दिलं ते आवडीने. मी तिला विसरले नाही. तुलाही नाही.

रविवारी गावकी बसेल तेव्हा मी येते आहे. सगळ्यांदेखत तू तिच्या हातचं पाणी पिशील. नाही प्यायलास, तर तपासणीत काय निघालं ते मी बोलेन. मग तुझ्या गिरणीतलं तूस कोण विकत उचलतंय ते बघू.

इथेच थांबणार होते. पण काल पोलादपूरहून आवडीचा फोन आला; गावात तिला आता कोणी फोन करू देत नाही. म्हणाली, "भाऊजींचा खोकला थांबत नाय गो." दादा, त्याच तुसाच्या धुळीत तू रोज उभा असतोस. पत्र मिळताच महाडला जा, छातीचा फोटो काढ. डॉक्टरांना बुरशीचं सांग.

ते पाणी प्यायला तू धडधाकट हवा आहेस मला.

गावकीने नाव खोडलेली तुझी बहीण,
सुंदरा